शांतता काढा

इतिहासाच्या मॅडमना मुलं पाठीमागे 'तळटीप' म्हणत, आणि मॅडमना ते माहीत होतं. राग येत नसे, उलट आतून जरा बरंच वाटे. सव्वीस वर्षं त्या एकच गोष्ट मुलांच्या कानीकपाळी ओरडत आल्या होत्या: साधनाला हात लावायचा नाही. पत्र असो, फोटो असो, नाहीतर कुणाची आठवण असो, सापडलं तसं मांडायचं. आणि काही गाळलं असेल तर खाली टीप देऊन कबूल करायचं. एकदा एका मुलाने जुन्या पत्रातली दोन कंटाळवाणी वाक्यं गुपचूप गाळली होती. मॅडमनी त्याला भर वर्गात असा सोलून काढला, की पुढच्या वर्षी तो अर्थशास्त्राला गेला.

तर अशा या मॅडम. त्यांच्या हातून जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं, तर त्यांनीच त्याला जन्माची अद्दल घडवली असती.

सुरुवात झाली प्राचार्यांच्या खोलीत. कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती यायची होती आणि प्राचार्यांच्या तोंडी महिनाभर एकच शब्द होता, डिजिटल. विज्ञानवाल्यांची चिंता नव्हती, त्यांच्याकडे यंत्रं होती. भूगोलवाले सर तर हजेरीसुद्धा पडद्यावर घेत. प्रश्न होता भाषा, तत्त्वज्ञान आणि इतिहासाचा.

"मॅडम, तुमच्या वर्गात अजून खडू चालतो," प्राचार्य असं म्हणाले, जणू वर्गात उंदीर निघाला होता. "समितीला काय दाखवायचं? खडू?"

मॅडमना झोंबलं. ज्या मोबाईलवरून त्यांनी मुलांना वर्षानुवर्षं वर्गाबाहेर काढलं होतं, तोच दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकावर काढून ठेवायला सांगितला. प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारायचं, ते बोलणं मोबाईलवर टिपायचं, आणि सगळ्या ध्वनिफिती कॉलेजच्या संकेतस्थळावर गावाच्या नकाशावर बसवायच्या. नकाशावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं, की तिथं राबलेला माणूस बोलायला लागेल.

आणि गंमत म्हणजे हे जमलं. मागच्या बाकावर पेंगणारी मुलं धावत येऊन सांगू लागली, मॅडम, आमच्या शेजारच्या आजी टेलिफोनच्या तारा जोडायच्या, मॅडम, माझा काका पुलाखाली पाणबुड्या होता. मॅडम कधी नव्हे ते संध्याकाळी खुशीत घरी जाऊ लागल्या.

या सगळ्यांत उजवी ध्वनिफीत आणली ती मोजकीने. मोजकी हे वर्गाने दिलेलं नाव. मुलगी हुशार, पण शब्द असे वापरायची, जणू ते मोजून मिळालेत. तिने आपल्या आजोबांना बोलतं केलं होतं.

आजोबा गाद्यांच्या कारखान्यात पहारेकरी होते. चाळीस वर्षांपूर्वी त्या कारखान्याला आग लागली आणि मागच्या शेडमधली सहा माणसं गेली. मागचं दार बाहेरून बंद होतं. कुणी केलं, यावर गावात तेव्हापासून नुसता वाद होता. मालक म्हणाला, दार उघडंच होतं. चौकशी झाली, कागद झाले, मालकही वारला. पहारेकऱ्याने मात्र त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं होतं. घरातसुद्धा कुणी विचारत नसे.

नातीने विचारलं. आजोबांनी उत्तर दिलं. आणि हे सगळ्यांना ऐकवू का, असं तिने पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले, ऐकव.

मॅडमनी ती फीत पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. समितीला हीच ऐकवायची, त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

अडचण एकच होती. फीत सात मिनिटांहून थोडी कमी होती. इतिहास विभागाला मिळालेली होती दहा मिनिटं, त्यात नकाशा दाखवायचा, प्रास्ताविक करायचं. "चार मिनिटांवर एक सेकंद नको," प्राचार्यांनी बजावलं होतं. "समिती जांभया द्यायला लागली की आपला कारभार आटोपला."

आदल्या दिवशी दुपारी मॅडम विभागात एकट्या बसल्या. ध्वनिफीत कापायचं सॉफ्टवेअर त्या एका व्हिडिओवरून, वहीत टिपणं काढत शिकल्या होत्या. पण कापणार काय? एक वाक्य निवडलं, मन होईना. दुसरं निवडलं, ते तर त्याहून मोलाचं. तेवढ्यात त्यांना वरच्या ओळीत एक बटण दिसलं: शांतता काढा. दाबलं तर त्याने विचारलं, किती लांबीची शांतता? मॅडमनी लिहिलं, एक सेकंद. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच फीत तीन मिनिटं पन्नास सेकंदांची झाली.

मॅडमना कोण आनंद झाला! एकही शब्द गेला नव्हता. त्यांनी तसं स्वतःला दोनदा सांगितलं. साधनाला हात लावलाच नाही, नुसती मधली रिकामी जागा काढली. मग टीप तरी कशाची द्यायची? शब्द जागच्या जागी आहेत ना, एवढ्याचसाठी पहिलं अर्धं मिनिट त्यांनी ऐकून पाहिलं, तेवढ्यात भूगोलवाले सर प्रोजेक्टर तपासायला बोलवायला आले आणि त्या उठल्या. पुढचं ऐकायचं राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. पुढे समितीचे तिघे, त्यांच्या मागे प्राध्यापक, मग मुलं. मोजकी चौथ्या रांगेत बसली होती, केस नीट विंचरून. मॅडमनी नकाशा दाखवला, ठिपक्यावर बोट ठेवलं, आणि आजोबांचा आवाज सभागृहात घुमला.

तो आजोबांचा आवाज नव्हता. म्हणजे आवाज त्यांचाच, पण हा माणूस भडाभडा बोलत होता. वाक्याला वाक्य लागून येत होतं, मध्ये श्वास नाही, थांबणं नाही. कारखान्यात किती माणसं होती, कुणाची पाळी कधी, सगळं एखादा विक्रेता माल खपवतो तसं. फीत थांबवायला मॅडमचा हात पुढे गेला, पण प्राचार्यांकडे नजर जाऊन तो तिथेच थांबला.

"आजोबा, त्या दिवशी मागचं दार कुणी बंद केलं होतं?" फितीतली मोजकी विचारत होती.

"मी. रोज मीच करायचो. पाणी दे जरा."

सभागृहात हसू फुटलं. फार नाही, मागच्या काही रांगांतून, आणि लगेच विरलंही. पण फुटलं. मोजकीने खांदे आत ओढून घेतले. मॅडमनी ते पाहिलं.

फीत संपली, टाळ्या झाल्या. समितीतल्या आखूड पांढऱ्या केसांच्या बाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "मला एक सांगा, याची काटछाट झालीय का? हा माणूस असा बोलेल असं वाटत नाही."

हाच प्रश्न मॅडमनी सव्वीस वर्षं मुलांना विचारला होता. उत्तर एका वाक्याचं होतं. होय, मी केली. तेवढं म्हणाल्या असत्या, तर फार तर प्राचार्यांचा चेहरा पडला असता आणि संध्याकाळपर्यंत सावरलाही असता. पण सगळं सभागृह आपल्याकडे बघतंय हे मॅडमना कधी नव्हे इतकं जाणवलं आणि त्यांची जीभ त्यांना न विचारता बोलून गेली.

"आमच्या प्रकल्पात संपादन मुलंच करतात. आम्ही नुसतं मार्गदर्शन. ही फीत त्या मुलीची आहे, तिने स्वतःच केलंय सगळं."

"असं? कोण ती?" बाई मागे वळल्या. मुलांच्या नजरा मोजकीवर होत्या. "तूच केलंस का ग हे?"

मोजकी उभी राहिली. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान खाली घालून नकाशावरचा ठिपका बघायला सुरुवात केली.

"हो," मोजकी म्हणाली.

"पुढच्या वेळी जरा जपून," बाई म्हणाल्या, पण गोड आवाजात. मुलं स्वतः शिकताहेत याचं समितीला फार कौतुक वाटलं. अहवालात तसं आलंही.

प्राचार्यांनी पेढे वाटावेत तसे शब्द वाटले. मॅडमना ते घशाखाली उतरेनात. मोजकीला गाठून बोलायचं म्हणून त्या सभागृहाच्या दारापर्यंत गेल्या, पण ती केव्हाच निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

इकडे ती फीत संकेतस्थळावरून मोबाईलवर आणि मोबाईलवरून घराघरात पोचली. चाळीस वर्षांचा वाद मिटला होता, लोक ऐकणारच. खाली लोकांनी मनाला येईल ते लिहिलं. मॅडम ते वाचायचं नाही असं ठरवत आणि तासाभराने पुन्हा वाचत. एकाने लिहिलं होतं: 'माझी आई त्या दाराशी सापडली. या माणसाने खरं सांगितलं म्हणून मी त्याच्या पाया पडलो असतो. पण हा असं सांगतोय, जसं काही दूध कुणी आणलं ते सांगतोय.'

हे वाचून मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या प्राचार्यांकडे गेल्या, फीत काढून टाकू या म्हणाल्या.

"अहो, आपल्या पानावर एवढी माणसं कधी आली नव्हती! आणि आता काढली तर समितीला वाटेल काहीतरी काळंबेरं आहे." प्राचार्यांनी मान वर न करताच विचारलं, "काही आहे का काळंबेरं?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

व्हरांड्यात भूगोलवाले सर भेटले. त्यांना मॅडमनी निम्मं सांगितलं, म्हणजे बटणाचं सांगितलं, मुलीचं गिळलं. सर मनापासून हसले. "एवढंच ना! अहो मॅडम, सगळेच कापतात. मी तर डोंगरसुद्धा कापतो, पडद्यावर मावत नाही म्हणून." ते बिचारे धीर द्यायला बोलले, पण मॅडम त्या हसण्याने आणखी खचल्या.

पाचव्या दिवशी त्यांनी विभागाचं दार लावून घेतलं, कानाला हेडफोन लावला आणि मूळ फीत सुरुवातीपासून ऐकली. जिथे बटणाने शांतता काढली होती, तिथे शांतता नव्हतीच. आजोबांचा श्वास होता. खुर्चीची कुरकुर होती. 'दार कुणी बंद केलं' या प्रश्नानंतर कितीतरी वेळ एक पंखा फिरत होता आणि आजोबांच्या घशातून बारीक आवाज येत होता. शब्द निघत नव्हता, पण माणूस प्रयत्न करत होता. मग 'मी' आलं. मग पुन्हा तोच आवाज. मग 'रोज मीच करायचो'. आणि त्यानंतर ते रडत होते, तोंड दाबून, आणि रडणं थांबल्यावर त्यांनी पाणी मागितलं होतं.

हे सगळं मॅडमनी पहिल्या वेळीही ऐकलं होतं. तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला होता तो यानेच. आणि तरीही कापताना त्यांना त्यात शब्द दिसले नव्हते, म्हणून काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी हेडफोन काढला, प्रवेशअर्जांच्या फाइलमधून मोजकीचा पत्ता उतरवून घेतला आणि शेवटचा तास सोडून निघाल्या.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, बाजूने लोखंडी जिना. दार मोजकीनेच उघडलं. मॅडमना बघून तिचा चेहरा काही बदलला नाही. "आई कामावर गेलीय. आजोबा आहेत," म्हणाली आणि बाजूला झाली.

आजोबा कॉटवर बसले होते. मॅडम कोण हे कळताच ते भिंतीचा आधार घेत उभे राहिले.

"बसा, बसा आजोबा," मॅडम घाईने म्हणाल्या.

"असं कसं? नातीच्या मॅडम तुम्ही." खुर्ची पुढे सरकवेपर्यंत ते बसले नाहीत. मोजकीने पाणी आणून ठेवलं आणि आतल्या खोलीच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आजोबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. बोलणं सावकाश होतं, दोन शब्दांच्या मध्ये माणूस उठून खिडकी लावून येईल इतकं. "मीच येणार होतो तुमच्याकडे. या पोरीला... नापास करा."

"आजोबा..."

"नाही, ऐका. मी हिला म्हटलं होतं, सगळं ऐकव. एवढी वर्षं तोंड उघडलं नव्हतं. उघडलं, तर लोकांनी नीट ऐकावं. आणि हिने काय केलं? कापाकापी. परवा एकजण खाली दुकानापाशी येऊन मला म्हणाला... जाऊ दे, काय म्हणाला ते. त्याची आई गेली होती त्या दिवशी. मला त्याच्याकडे वर मान करून बघता आलं नाही." ते थांबले. मॅडमनी त्यांना थांबू दिलं. "हीच घरी येऊन सांगायची, आमच्या मॅडम म्हणतात साधनाला हात लावायचा नाही. मग? पाच दिवस झाले, मी हिच्याशी बोललो नाही."

म्हणजे मोजकीने घरीही सांगितलं नव्हतं. मॅडमनी चौकटीकडे पाहिलं. पोरगी जमिनीकडे बघत होती.

"त्याचं काय झालं आजोबा," मॅडम म्हणाल्या, "ते एक सॉफ्टवेअर असतं. त्यात वेळेची मर्यादा होती, म्हणजे आम्हाला होती, तर ते आपोआप..." आपलंच बोलणं त्यांच्या कानांवर पडलं. पानभर लिहून प्रश्नाला हात न लावणाऱ्या विद्यार्थ्यासारखं. त्या थांबल्या. हातातला पेला खाली ठेवला.

"हिने नाही केलं," त्या म्हणाल्या. "मी केलं. हिला माहीतही नव्हतं, हिने सगळ्यांबरोबर पहिल्यांदा तिथेच ऐकलं. आणि समितीने विचारलं तेव्हा मी हिचं नाव सांगितलं. मला माझी लाज वाटली, म्हणून हिचं सांगितलं."

खाली दुकानात कुणीतरी चाक फिरवून बघत होतं. आजोबांनी मॅडमकडे बराच वेळ पाहिलं. ओरडतील असं मॅडमना वाटलं, ओरडावं असंही वाटलं. पण ते नातीकडे वळले.

"मग तू का नाही बोललीस?"

"भर सभेत मॅडमना खोटं पाडायचं?"

"तिथे नाही. इथे. मला."

मोजकीने खांदे उडवले. "तुम्ही विचारलंतच नाही. मोबाईलवर ऐकलंत आणि ओरडायलाच लागलात." आणि मग तिचा आवाज फुटला. "आणि माझ्याच तोंडून हो निघालं होतं ना. सगळ्यांसमोर. मग ते माझंच झालं."

आजोबा कॉटवर सरकले. जागा केली. "ये इकडे," म्हणाले. ती येऊन बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. मॅडमना उठून जावं असं वाटलं, पण अजून निम्मंच झालं होतं.

"ती फीत मी उद्या सकाळीच काढते," त्या म्हणाल्या. "मूळची, पूर्ण, तिथे लावते. कापली कुणी, हे माझ्या नावानिशी खाली लिहिते. समितीच्या बाईंना पत्र टाकते. प्राचार्यांना सांगते. वर्गात सांगते." त्यांनी मोजकीकडे पाहिलं. "तू वर्गात असलीस तर तुझ्यासमोर. नसलीस तरी सांगते."

"येईन," मोजकी म्हणाली. माफ केलं असं त्यात काही नव्हतं, आणि मॅडमनीही तसं काही त्यात शोधलं नाही.

आजोबा कसला तरी विचार करत होते. "मॅडम," ते म्हणाले, "त्या यंत्रात दिसतं का हो? हिने दाराचं विचारल्यावर मी किती वेळ गप्प होतो?"

"दिसतं."

"किती?"

"एक मिनिट बारा सेकंद."

"एवढंच?" आजोबा नातीकडे, मग पुन्हा मॅडमकडे बघू लागले. "नीट बघितलंत ना? मला वाटलं, सगळी दुपार गेली."

समितीला फार लांब होईल म्हणून काढलं, हे मॅडमना त्यांना सांगता आलं नाही. नीट बघितलंय, एवढंच त्या म्हणाल्या.